सचिवाची वही: सॅन डिएगो, २०१२-१३

४ फेब्रुवारी २०१२, शनिवार

काल रात्री पिझ्झा संपल्यावर ठरलं की गटाचे कागद कुणीतरी सांभाळायला हवेत. माझं अक्षर बरं आहे, एवढ्यावर मी सचिव झाले.

आत्ता आम्ही अकरा जण. सगळे नौदलातले, फक्त एक मरीन. मी हॉस्पिटल कोअरमन, म्हणजे पट्ट्या बांधणारी, रक्त काढणारी. गेल्या २० सप्टेंबरला 'विचारू नका, सांगू नका' हा कायदा रद्द झाला. १९९३पासून तो होता आणि त्यापायी तेरा हजारांहून जास्त माणसं घरी गेली. आता गे आहे म्हणून कुणाला काढता येत नाही. पण तळावर गिर्यारोहणाचा, विणकामाचा, जुन्या मोटारसायकलींचा क्लब आहे, आमचा नाही. तो व्हावा, एवढंच काम.

मी यात का? प्रशिक्षणात माझ्या वरच्या बंकवर झोपणारी मुलगी २००९मध्ये काढली गेली. तिच्याबद्दल कुणीतरी पत्र लिहिलं. मला कुणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. पुढं लिहीत नाही.

३ मार्च २०१२

नियम वाचले. तळावरच्या खाजगी संस्थांसाठी संरक्षण खात्याची एक सूचना आहे, क्रमांक १०००.१५. तळप्रमुखाची लेखी परवानगी, घटना, पोटनियम, पदाधिकारी, हिशेब. पैसे आपले आपण उभे करायचे, तळावरच्या सरकारी दुकानांशी स्पर्धा करायची नाही. विमा काढायचा किंवा त्यातून माफी, म्हणजे सूट, मागायची. आणि प्रत्येक कागदावर छापायचं की आम्ही सरकारचा भाग नाही.

साताऱ्याकडच्या कुठल्याही गणेश मंडळाच्या खजिनदाराला हे अर्ध्या तासात जमलं असतं. आम्हाला तीन शनिवार लागले. मरीनला 'कोरम' शब्दाचं वेड लागलं आहे. अकरा माणसांत कोरम किती, यावर चाळीस मिनिटं गेली.

१४ एप्रिल २०१२

नाव. आधी 'नौदल' घालून सुंदर नाव केलं होतं. कायदा अधिकाऱ्यानं लाल शाईनं खोडलं: खात्याचं नाव असं लावलं तर संस्था सरकारी वाटते. मग उरलं नुसतं 'गे-स्ट्रेट अलायन्स'. पुढं काही नाही, मागं काही नाही. बॅनर आधीच छापून आणला होता, चाळीस डॉलर. 'नौदल'वर काळी चिकटपट्टी लावली.

'स्ट्रेट', म्हणजे गे नसलेले, हा शब्द ठेवायचा की नाही यावरही वाद झाला. आमच्या लेफ्टनंट बाई म्हणाल्या, हा शब्द म्हणजे छत्री आहे. ज्याला अजून कुणाला काही सांगायचं नाही, तोही तिच्याखाली उभा राहू शकतो, बघणाऱ्याला कळत नाही. लगेच पटलं. तेव्हाच ठरलं की आमच्यातलं कोण काय आहे हे आम्ही आपणहून जाहीर करायचं नाही. कायदा गेला, पण न विचारण्याची सवय या एका कामाला उपयोगी पडली.

परवा एका चीफनं कॅन्टीनमध्ये विचारलंच, "तू त्यांच्यातली कुठली?"

म्हटलं, "सचिव."

२२ मे २०१२, मंगळवार

इथल्या हिलक्रेस्ट भागात एका रस्त्याला गे हक्कांसाठी लढलेल्या हार्वी मिल्कचं नाव दिलं, त्याच्या वाढदिवशी. ड्यूटी संपवून गेले, मागं उभी राहिले. तो सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून जग ओळखतं, पण पन्नासच्या दशकात तो नौदलात होता, आधी पाणबुडी वाचवणाऱ्या किटीवेक जहाजावर आणि मग इथंच, सॅन डिएगोत. १९५५मध्ये बाहेर पडला. आमच्या गटातल्या तिघांना तो नौदलात होता हेच माहीत नव्हतं. एकाला तो कोण हेच माहीत नव्हतं. तो एकोणीस वर्षांचा आहे, आणि १९७८मध्ये मिल्कचा खून झाला तेव्हा त्याची आईच शाळेत असेल.

९ जून २०१२

अर्ज परत आला. तीन शेरे. विमा माफीचं पत्र वेगळं जोडा. हिशेब तपासणीस दाखवा. सदस्यांची यादी द्या.

तिसऱ्यावर सगळे गप्प. मी खिडकीवर जाऊन विचारलं, यादीत काय काय हवं? तिथल्या कारकुनानं सरळ मनानं विचारलं, "गे किती आणि स्ट्रेट किती, असे दोन रकाने करणार ना?" त्याला खोड काढायची नव्हती. नावातच दोन गट दिसतात, तर रकानेही दोन, असा त्याचा हिशेब. पण त्याच इमारतीत कधीकाळी दुसऱ्या प्रकारच्या याद्या झाल्या असतील, हे माझ्या डोक्यातून जाईना.

कायदा अधिकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, नाव, हुद्दा, सही. चौथा रकाना कुणी मागितला तर माझ्याकडे पाठव.

गटातल्या एका माणसाबद्दल मी या वहीत काहीही लिहिणार नाही. रद्द झालेल्या कायद्यात ट्रान्सजेंडर माणसांचा विषयच नव्हता. वैद्यकीय नियम दाखवून त्यांना आजही काढतात. मी वैद्यकीय शाखेतच आहे, ती कलमं मला पाठ आहेत.

२६ जून २०१२

पेंटॅगॉनमध्ये आज पहिल्यांदा प्राइड महिन्याचा कार्यक्रम झाला. आम्ही ब्रेकरूममध्ये फोनवर पाहिला. वर हे, आणि खाली आमच्या विमा माफीच्या पत्रावर शिक्का नाही.

२१ जुलै २०१२, शनिवार

पाय दुखताहेत.

आज गावातली प्राइड मिरवणूक. गेल्या वर्षी याच मिरवणुकीत सैन्यातले आजी-माजी सुमारे दोनशे जण चालले होते, अंगात आपापल्या दलाचं नाव लिहिलेले टी-शर्ट. तेव्हा कायदा रद्द व्हायला दोन महिने बाकी होते. यंदा परवा, गुरुवारी, पेंटॅगॉननं गणवेशात चालायला परवानगी दिली. फक्त या वर्षी, फक्त या मिरवणुकीत. गुरुवारी परवानगी आणि शनिवारी मिरवणूक, म्हणजे मधली रात्र पूर्ण इस्त्रीत गेली. आमच्या मजल्यावर इस्त्र्या दोन आणि पांढरे गणवेश नऊ.

मिरवणूक युनिव्हर्सिटी अव्हेन्यू आणि नॉर्मल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून निघते. हो, रस्त्याचं नावच नॉर्मल. इथं शिक्षक घडवणारी नॉर्मल स्कूल होती, त्यावरून. मरीननं सकाळपासून यावर सात विनोद केले, एकही चांगला नव्हता. कालच तिथं इंद्रधनुष्याचा मोठा झेंडा उभारलाय.

आम्ही गट म्हणून बॅनर घेऊन चाललो नाही. मान्यता नसलेल्या गटाचा बॅनर आणि अंगावर गणवेश, हे नको असं कायदा अधिकाऱ्यानं सांगितलं होतं. सुटे सुटे चाललो. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, ते सगळं छायाचित्रांत आहेच. मला लक्षात राहिला तो फुटपाथवरचा एक म्हातारा माणूस. टाळ्या नाही, ओरडणं नाही. आम्ही समोरून गेलो तेव्हा तो उठून उभा राहिला आणि सगळे जाईपर्यंत बसला नाही. मागं त्याची घडीची खुर्ची.

रात्री फ्रीमॉन्टहून आईचा फोन. तिच्या मैत्रिणीनं बातम्यांत पाहिलं होतं.

"अगं, तू पण होतीस त्यात?"

"होते."

"मग तू... म्हणजे, तसं काही असलं तर सांग बाई. मी रागावणार नाही. फक्त आधी मला सांग, मावशीला नको."

तीस सेकंदांत 'नाही' म्हणून मोकळी झाले असते. पण एप्रिलमध्ये ठरवलेलं आठवलं. म्हटलं, "आई, झोप आता."

नंतर वाटलं, तिला उगाच ताटकळत ठेवलं. पण वरच्या बंकवालीच्या आईला तर दोन वर्षं काय सांगावं ते कळत नव्हतं.

१५ सप्टेंबर २०१२, शनिवार

कॅलिफोर्नियात आज किनारा साफ करण्याचा दिवस. आम्ही तिहुआना नदीच्या खोऱ्यात, अगदी सीमेला लागून.

वर्षभर सगळे म्हणत होते की समुद्रकिनाऱ्यावर जाऊ, फोटो छान येतात. मी आणि लेफ्टनंट बाईंनी हट्टानं खोरं निवडलं. इथं कचरा कुणी टाकत नाही, वाहून येतो. कॅलिफोर्नियात झिजलेले टायर स्वस्तात पलीकडे तिहुआनात विकले जातात. तिथं टेकड्यांवर वसलेल्या वस्त्यांत लोक तेच टायर एकावर एक रचून, मातीनं भरून उताराला आधार देतात. पाऊस आला की भिंत सुटते आणि टायर दरीतून परत अमेरिकेत. पासपोर्टशिवाय.

मातीनं भरलेला टायर दोघांनी उचलत नाही. आधी फावड्यानं आतली माती खरवडायची, मग उभा करायचा, मग गडगडवत ट्रकपर्यंत न्यायचा. दुपारपर्यंत ४३ काढले. आमच्याबरोबर एका चर्चचे लोक होते, पंधरा-वीस. त्यांच्या म्होरक्यानं बॅनरवरची काळी पट्टी पाहून विचारलं, खाली काय लिहिलंय? मरीन म्हणाला, "नौदल." तो म्हणाला, "मग लपवता कशाला?" सगळे हसले, तोही. गट कसला आहे ते त्यानं वाचलं होतं की नाही, कळलं नाही. दुपारी त्यानं आमच्यासाठी बरिटो आणले, त्या अर्थी वाचून सोडून दिलं असावं.

परत येताना गाडीत भांडण झालं. एकोणीस वर्षांचा आमचा मुलगा म्हणाला, मोटारसायकल क्लबनं मान्यता मिळवायला किती टायर काढले? शून्य. मग आपणच का पुण्य गोळा करायचं? चांगली मुलं आहोत हे दाखवायला?

उत्तर कुणाकडे नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि मी ते इथं लिहून ठेवते. अर्जाला सेवेचे फोटो जोडायची सूचना आली होती. ते जोडायचे नाहीत असं मी मांडलं, सात विरुद्ध चार मतांनी मंजूर. कोरम होता. टायर काढायचे ते टायर आहेत म्हणून.

१३ ऑक्टोबर २०१२, शनिवार

जुन्या सैनिकांच्या कागदांसाठी मदत शिबिर, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. दोन वकील फुकट आले. आमचं काम खुर्च्या मांडणं, झेरॉक्स काढणं आणि लोकांना अर्ज समजावून देणं. कुणाच्या वतीनं आपण सही करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, हे कायदा अधिकाऱ्यानं तीनदा बजावलं होतं.

काम काय ते नीट लिहिते, पुढच्या सचिवाला लागेल.

नोकरी सुटताना प्रत्येकाला डीडी २१४ नावाचा दाखला मिळतो. त्यावर सुटण्याचं कारण, शेरा आणि परत घेता येईल की नाही याचा संकेत छापलेला असतो. गे म्हणून काढलेल्यांच्या दाखल्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असे. नोकरी मागायला गेलं की मालक हा दाखला मागतो. म्हणजे काढून टाकल्यावरही तो कागद आयुष्यभर विचारत राहतो आणि सांगत राहतो.

कायदा रद्द झाला त्याच दिवशी, २० सप्टेंबर २०११ला, संरक्षण खात्यानं असे दाखले तपासणाऱ्या मंडळांना कळवलं: फक्त या धोरणामुळं, किंवा त्याच्या आधीच्या तशाच धोरणामुळं काढलेलं असेल आणि दुसरा गंभीर ठपका नसेल, तर साधारणपणे अर्ज मंजूर करा. कारण बदलून 'सचिवांचा अधिकार' (सचिव म्हणजे त्या दलाच्या खात्याचा प्रमुख) असं लिहायचं, शेरा 'सन्माननीय' करायचा, संकेत आरई-१जे, म्हणजे परत घेता येईल. सुटून पंधरा वर्षं झाली नसतील तर अर्ज डीडी २९३, त्याहून जुनं असेल तर डीडी १४९. दाखला हरवला असेल तर सेंट लुईसच्या अभिलेखागाराला एसएफ १८०. तिथं १९७३मध्ये आग लागून भूदलाचे आणि हवाई दलाचे लाखो कागद जळाले, नौदलाचे वाचले.

सकाळी अकराला तो आला. फुटपाथवरचा. घडीची खुर्ची बरोबर, कारण वाचनालयाच्या खुर्च्यांवर त्याची कंबर धरते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला दाखला. १९६२. शेरा: अनिष्ट. त्या शेऱ्यापायी माजी सैनिकांच्या दवाखान्याची पायरी चढला नाही, पन्नास वर्षं.

मी सवयीनं म्हटलं, "तुमच्या सेवेबद्दल आभार." तो म्हणाला, "आधी कागद वाच, मग आभार मान." वाचला. परत म्हटलं. तेव्हा त्यानं मान हलवली.

डीडी १४९वर एक रकाना असतो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायला हवा. उशीर झाला असेल तर तरीही तो का विचारात घ्यावा, ते लिहा. वकिलानं एक परिच्छेद सुचवला, न्यायाच्या हिताचा वगैरे. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, पेन उचललं आणि एकच वाक्य लिहिलं: उशीर माझ्याकडून झालेला नाही.

वकिलानं परिच्छेद वेगळ्या कागदावर जोडला. वाक्य तसंच ठेवलं.

दिवसभरात सहा अर्ज. दोन जण दारापर्यंत येऊन परत गेले.

१६ नोव्हेंबर २०१२

मान्यता मिळाली. एक पान, एक सही, तळाचा शिक्का. दोन वर्षांसाठी, पुढं नूतनीकरण. सूचनाफलकावर जागा आणि महिन्यातून दोनदा सभागृह. पत्रात अभिनंदन वगैरे काही नाही, त्याचंच मला बरं वाटलं. विणकामवाल्यांनाही असंच पत्र आलं असणार.

(पुढचं नंतर लिहिलं.) त्याच संध्याकाळी फलकावर आमचा कागद लावला. सोमवारी तो नव्हता. परत लावला. बुधवारी नव्हता. मग चीफनं (तोच, 'कुठली'वाला) स्वतःच्या खोलीतून काचेची चौकट आणली, आत कागद घातला आणि चार स्क्रू पिळले. एक शब्द बोलला नाही. स्क्रूचे पैसे घेतले नाहीत.

२५ नोव्हेंबर २०१२

थँक्सगिव्हिंगला घरी न जाऊ शकणाऱ्या नव्या पोरांसाठी जेवण, तळाच्या सभागृहात. चोवीस पानं. मी पुलाव केला, टर्कीला हात लावला नाही. लेफ्टनंट बाईंच्या पत्नीनं भोपळ्याचे 'पाय' (इथला गोड पदार्थ) आणले. बाईंचं लग्न २००८चं, कॅलिफोर्नियात ते जून ते नोव्हेंबर एवढेच महिने शक्य होतं तेव्हाचं. त्या काळात लग्न हेच काढायला पुरेसं कारण होतं, म्हणून दाखला चार वर्षं कपाटात, चादरींच्या खाली. त्या दिवशी सगळ्यांच्या बायका आणि नवरे आपापलं ओळखपत्र दाखवून गेटमधून आत आले. या पाहुणी म्हणून, पाससाठी ताटकळत. तोवर भोपळ्याचे 'पाय' थंड झाले होते.

आज आपशिंग्याला आबांना फोन केला. आमचं गाव मिलिटरी आपशिंगे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, स्तंभ आहे. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. आईनं त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे.

"कसली संघटना काढली म्हणं तुम्ही?"

सांगितलं, घाबरत, जमेल तसं. बराच वेळ नुसती खरखर.

"पोरी, पलटणीत हवालदाराला समद्यांचं समदं ठाव असतं. त्यातलं सायबापर्यंत काय न्यायचं आन काय नाय, हीच हवालदारकी. बाकी काय, थंडी हाय का तिकडं?"

२६ जून २०१३, बुधवार

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल, एकाच सकाळी. केंद्र सरकारला समलिंगी लग्नं नाकारायला लावणारा कायदा विंडसर खटल्यात पडला, आणि कॅलिफोर्नियातली लग्नबंदीही उठणार. लेफ्टनंट बाई शस्त्रक्रिया विभागात होत्या, फोन लॉकरमध्ये. साडेदहाला बाहेर आल्या तेव्हा सगळा कॉरिडॉर त्यांच्याकडे बघत होता आणि त्यांना वाटलं, रुग्ण गेला.

३ सप्टेंबर २०१३, मंगळवार

आजपासून पती-पत्नीचे सगळे लाभ. भत्ता २६ जूनपासून मागचा मिळणार. बाईंच्या पत्नीबरोबर ओळखपत्राच्या कार्यालयात मी गेले, कारण बाईंची ड्यूटी होती. त्यांनी सही करून अर्ज आधी दिला होता. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, फोटो ओळख. कारकुनानं संगणकात नातं निवडलं, 'पत्नी'. कॅमेऱ्याकडे बघा. परत बघा, डोळे मिटले. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर त्यांनी आधी तळावरचं दुकान गाठलं आणि दूध घेतलं. घरी दूध होतं.

गटातल्या त्या एका माणसासाठी आजही काही बदललं नाही. तो आज सभेला आला नाही.

२१ सप्टेंबर २०१३, शनिवार

परत खोरं. टायर ५१. चर्चवाले आले, बरिटोही आले. म्हातारेबुवा फाट्यावर खुर्ची टाकून हातमोजे वाटत होते आणि कोण किती जोड्या नेतंय ते ओरडून सांगत होते. त्यांच्या अर्जाचं विचारलं. मंडळाचं पत्र आलंय, अर्ज रांगेत आहे. ऑक्टोबरच्या सहांपैकी दोघांचे नवे दाखले आले.

माझी बदली जपानमध्ये योकोसुकाला झाली. पुढच्या शुक्रवारी निघते. आईला काल फोनवर सांगून टाकलं, की मी स्ट्रेट आहे. ती म्हणाली, "बरं. मग लग्नाचं बघू का?" चूक झाली.

२३ सप्टेंबर २०१३: हस्तांतर

नवा सचिव: आमचा मुलगा, आता वीस वर्षांचा. अक्षर वाईट आहे.

त्याच्या ताब्यात दिलं: ही वही. मान्यतेचं पत्र, मूळ. नूतनीकरण नोव्हेंबर २०१४, अर्ज दोन महिने आधी. सदस्य यादी, ३४ नावं, तीन रकाने. बॅनर एक, काळ्या पट्टीसकट. हातमोजे १९ जोड्या, त्यात डाव्या हाताचे जास्त. फावडी चार. डीडी १४९च्या कोऱ्या प्रती, एक गठ्ठा. शिल्लक ११२ डॉलर ४० सेंट. घडीची खुर्ची एक, परत करायची आहे, शनिवारी माझ्या गाडीत राहिली.